जड : यरुशलेममधला पवित्र आठवडा

शनिवार

विमान, व्हिसा, रांगा यांत काहीच बिघडलं नाही, म्हणून त्यावर शब्द घालवत नाही. येशूच्या शेवटच्या आठवड्याची आठवण यरुशलेममध्येच करावी म्हणून आलो होतो. संध्याकाळी मी आणि माझ्या वन्सं याफा दरवाज्यातून जुन्या शहरात शिरलो त्या कुडकुडतच. एप्रिल म्हणजे उन्हाळा हे आपलं गणित. हे शहर डोंगरावर, साधारण 750 मीटर उंचीवर, आणि सूर्य कलला की वारा अंगात घुसतो. गरम कपडे म्हणून माझ्याकडे एकच वस्तू होती, ती म्हणजे गौरवाची शाल.

तिची हकिकत अशी. निघायच्या महिनाभर आधी आमच्या चर्चच्या मंडळीने संडे स्कूलमधल्या माझ्या सेवेबद्दल गौरव समारंभ केला. शाल, श्रीफळ, मानपत्र. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. फक्त व्यासपीठावर माझी खुर्ची डाव्या टोकाला होती आणि मधली दुसऱ्याच कुणाला दिलेली, ते मात्र खुपलं. घरी येऊन दोन दिवस मी धुसफुसत होते. वन्संना हे ठाऊक आहे. त्या बायबलबाई म्हणून आयुष्यभर खेडोपाडी फिरल्या, त्यांना शाल कुणी दिली नाही.

राहायची सोय धर्मभगिनींच्या एका पाहुणेघरात होती. तिथवर जायच्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांच्या, मध्ये हातगाड्यांसाठी दगडी उतार. एक पोरगा संत्र्यांनी भरलेली गाडी घेऊन उताराला लागला होता. गाडीच्या मागे साखळीने जुना टायर बांधलेला. वेग वाढला की तो टायरवर पाय देऊन उभा राही, टायर फरशीला घासत जाई आणि गाडी आवरे. ब्रेक म्हणजे त्याचंच वजन. आम्ही भिंतीला चिकटून वाट दिली.

(बॅग चाकांची नको, पाठीवरची घ्या. आणि बूट जुने, पायाला बसलेले. हे मी नवे बूट घेऊन गेलेली बाई सांगते आहे.)

रविवार, झावळ्यांचा

येशू गाढवावरून यरुशलेमात आला आणि लोकांनी झावळ्यांनी त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण म्हणून दुपारी अडीचच्या सुमारास बेथफगेहून मिरवणूक निघते. जैतुनाच्या डोंगराचा उतार, खाली किद्रोनचं खोरं, मग सिंह दरवाज्यातून आत संत ॲनच्या चर्चपर्यंत. आमच्या गावात झावळ्यांचा रविवार म्हणजे चर्चभोवती एक फेरी, फार तर पंधरा मिनिटं. इथे हजारो माणसं. फिलिपिनो बाया, गिटारवाली मल्याळी पोरं, आफ्रिकेतले धर्मगुरू, आणि पॅलेस्टिनी स्काऊटची पथकं चक्क बॅगपाइप वाजवत. ब्रिटिश गेले, पिपाण्या राहिल्या. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या जैतुनाच्या डहाळीतला अर्धा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

उतार भलताच खडा आहे. गाढवावर बसून इथून उतरायचं तर बसणाऱ्याला मागे रेलावं लागत असणार. रुबाबाचं काम नाही ते. मध्यावर दोमिनुस फ्लेवित नावाचं छोटं चर्च आहे, 1955 मध्ये बांधलेलं, अश्रूच्या आकाराचं. शहर पाहून येशू रडला, असं बायबलात लूक लिहितो, त्याची आठवण. सगळे होसान्ना ओरडताहेत आणि ज्याच्यासाठी ओरडताहेत तो रडतोय. ही गोष्ट मी मुलांना कितीदा तरी शिकवली असेल, पण रडण्याचा भाग घाईत उरकून. मुलांना झावळ्या आवडतात.

सिंह दरवाजा येईपर्यंत माझी उजवी टाच बोलू लागली होती.

सोमवार

दमास्कस दरवाज्याजवळून बस पकडून बेथलेहेम. पासपोर्ट जवळ ठेवाच, परतताना तपासणी होते.

जन्मस्थानाच्या चर्चचं दार जेमतेम 1.2 मीटर उंच आहे. त्याला नम्रतेचं दार म्हणतात. नम्रता वगैरे नंतर चिकटलेली. खरं कारण असं सांगतात की लुटारूंनी घोडे-गाड्या आत घालू नयेत म्हणून ते लहान केलं. वर जुन्या मोठ्या कमानीची रेघ दगडात अजून दिसते. आमच्या पुढचा उंचापुरा गृहस्थ वाकला, पण पुरेसा नाही. टणकन आवाज आला. वन्संना गुडघ्यांमुळे वाकता येईना, तर त्या आडव्या होऊन, एक हात जमिनीला टेकत शिरल्या. "राजाच्या जन्माला आलोय की मांजरीच्या?" त्या पुटपुटल्या. खालच्या गुहेत चांदीचा चौदा टोकांचा तारा आहे, तिथेही गुडघे टेकूनच हात पोचतो. रांग दोन तासांची. टूर बसेस यायच्या आधी सकाळीच जा.

मंगळवार

हा दिवस बेतात नव्हता.

टाचेवरचा फोड फुटला होता. तरी ट्रामने महने यहुदा बाजार पाहायला निघालो. ट्राम हिसक्याने थांबली, माझा पाय मागच्याच्या बुटाखाली आला आणि तोंडातून निघालं, "आई गं!"

"कुठली गं तू?"

चाकाच्या खुर्चीत एक आजी. पांढरा रुमाल बांधलेला, नाकात चमकी. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या यहुदी! अलिबागच्या बाजूच्या, साठ वर्षांपूर्वी आलेल्या, आणि मराठी अशी की माझ्या आत्याची आठवण यावी. आपल्या कोकणात हे लोक तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, एवढं पुस्तकातून माहीत होतं. आजींनी दोन मिनिटांत आमची जात, गाव, लेकरं सगळं विचारून घेतलं. "येशूवाल्या होय," त्या म्हणाल्या, "बरं बरं," आणि पुढच्या थांब्यावर आम्हाला उतरवूनच घेतलं.

त्यांच्याबरोबर सांभाळ करणारी एक बाई होती, केरळची. आजी तिच्याशी हिब्रूत बोलत, आमच्याशी मराठीत. ती आमच्याशी हिंदीत. याफा रस्त्यावरच्या बाकावर आजींनी मला बसवलं आणि तिला काहीतरी फर्मावलं. ती खाली बसली आणि माझ्या बुटाची नाडी सोडू लागली.

मी पाय मागे ओढला. नको, नको, मी करते. मोजा रक्ताने चिकटलेला, तीन दिवसांची धूळ, वास. परक्या बाईच्या हातात असला पाय द्यायचा म्हणजे काय!

"दे गं," आजी म्हणाल्या. "माझे रोज धुते ती. तुझा काय सोन्याचा आहे?"

तिने बाटलीतलं पाणी ओतून टाच धुतली. पुसायला काही दिसेना, तेव्हा आजींनी माझ्या खांद्यावरची शाल ओढून तिच्याकडे टाकली. समारंभाची शाल! मी चरकले, पण तोंड उघडलं नाही. तिने बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा नीट पुसलं, आईने लहान पोराचं पुसावं तसं, मग पर्समधून पट्टी काढून चिकटवली. तिच्या अंगठ्याच्या पेराला भेगा होत्या, सतत पाण्यात हात असणाऱ्या बायकांच्या असतात तशा.

"कोल हाकावोद," आजी तिला म्हणाल्या.

म्हणजे काय, मी विचारलं. शाब्बास, त्या म्हणाल्या. शब्दशः सगळा मान तुझा. कावोद म्हणजे मान, गौरव. देवाचा गौरव म्हणायलाही तोच शब्द. "आणि कावेद म्हंजे जड. एकाच मुळाचे. आईबापाचा मान ठेव असं दहा आज्ञांत आहे ना, तिथंही तेच. त्यांना वजन दे. हलक्यात घेऊ नको."

मी थक्क. आपला गौरव कुठून आला? गुरू म्हणजे जड, त्यावरून गौरव. हिब्रू आणि संस्कृत ही दोन वेगळी घराणी, सोयरीक नाही, तरी दोघींनी हा शब्द वजनातूनच काढला. आणि मी महिनाभर ज्याला गौरव समजत होते ती शाल तर पिसासारखी हलकी होती. असो.

बाजारात पेसाहची, म्हणजे यहुद्यांच्या वल्हांडण सणाची, झुंबड होती. शुक्रवारी संध्याकाळी सण लागणार, त्याआधी घरातून खमिराचा कणन्‌कण काढायचा. आजींनी घासाघीस करून कोथिंबीर घेतली आणि निघताना बेखमीर भाकरीचं, मात्झाचं खोकं माझ्या हाती दिलं. "विमानात खा. तुमच्या येशूनंही हेच खाल्लं असणार."

बुधवार

पाय वर करून पडून राहिले. वन्संनी तिळाचा लांबट पाव आणून दिला, इथे काअक म्हणतात. बरोबर कागदाच्या पुडीत झातर, म्हणजे ओव्याचा भास होणारी हिरवी पूड. पूड मागून घ्यावी लागते, तीच तर गंमत.

गुरुवार

शेवटच्या भोजनाची माडी सियोन डोंगरावर आहे. खोली म्हणून काही उरलेलं नाही. उंच गॉथिक कमानी, रिकामी फरशी, एक टेबलसुद्धा नाही. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंना इथून काढलं आणि मशीद झाली, म्हणून भिंतीत मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, आणि खिडक्यांच्या रंगीत काचांवर अरबी अक्षरं. खालच्या मजल्यावर दाविदाची कबर मानतात, तिथे यहुदी प्रार्थना करतात. एका जिन्यात तीन धर्म. एका छोट्या खांबाच्या माथ्यावर मात्र पाहाच: पेलिकन पक्षी आहे, आणि पिल्लं त्याच्या छातीला चोची लावताहेत. आपलं रक्त पाजून ही मादी पिल्लं जगवते अशी जुनी समजूत, म्हणून ते ख्रिस्ताचं चिन्ह. लोक कमानींचे फोटो काढतात आणि खांब पाहतच नाहीत.

दुपारी फ्रान्सिस्कन इथे येतात आणि त्यांचे प्रमुख बारा मुलांचे पाय धुतात, येशूने त्या भोजनात शिष्यांचे धुतले तसे. आम्हाला कशीबशी कोपऱ्यात जागा मिळाली. मुलं इस्त्रीच्या कपड्यांत, पाय आधीच घासून आणलेले, नखं कापलेली. आमच्याकडेही असंच, त्या दिवशी ज्यांचे पाय धुवायचे ते सकाळी दगडाने टाचा घासून येतात. सहाव्या की सातव्या मुलाला गुदगुल्या झाल्या. त्याने ओठ दाबले, डोळे मिटले, आणि शेवटी फुर्रकन हसला. धुणारेही हसले. मग पाय पुसून, त्यावर ओठ टेकवून पुढच्याकडे सरकले. गुडघ्यांवर सरकणं सोपं नसतं, त्या वयात तर नाहीच.

योहानाचं सोडून बाकीच्या तीन शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांत, या जेवणात भाकर आणि प्याला आहे. योहान ते वगळतो आणि त्या जागी घंगाळ आणि रुमाल ठेवतो. शिष्य पेत्र येशूला म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. त्याची अडचण काय होती ते मंगळवारनंतर मला कळतं. सेवा करायला आपण तयार असतो, मोठेपणा मिळतो त्यात. करून घेणं अवघड. आणि यहूदाचेही पाय धुतले गेले, तो अजून गेलेला नव्हता. तो उठून बाहेर पडतो, योहान तीनच शब्दांत सांगतो की रात्र होती, आणि लगेच येशू म्हणतो की आता मनुष्याच्या पुत्राचा, म्हणजे माझा, गौरव झाला. आता! दगा द्यायला माणूस नुकताच दाराबाहेर पडलाय, घंगाळात पाणी गढूळ झालंय, आणि गौरव झाला म्हणे.

परतताना वन्संनी भर घातली. नवा करार ग्रीकमध्ये, तिथे गौरवाला शब्द दोक्सा. ग्रीकांच्या बोलीत त्याचा साधा अर्थ मत, लौकिक, लोकांना आपण कसे दिसतो ते. जुना करार ग्रीकमध्ये नेणाऱ्यांनी कावोदसाठी तोच वापरला आणि हलक्या शब्दात जड माल भरला. "म्हणजे तुमच्या खुर्चीची भानगड ती जुनी दोक्सा," वन्सं म्हणाल्या. मी ऐकलं नाहीसं केलं.

येशूने अटकेआधी प्रार्थना केली त्या गेथशेमानेच्या चर्चमध्ये रात्री पवित्र तास, म्हणजे तासभराची प्रार्थना, असतो, मग मेणबत्त्या घेऊन सियोनाकडे मिरवणूक. तासभर आधी गेलात तरच आत शिरता येईल. बारा घुमटांचं हे चर्च 1924 मध्ये पूर्ण झालं. खिडक्यांना जांभळा अलाबास्टर दगड, त्यामुळे दिवसासुद्धा आत रात्र. बाहेर आठ जुनी जैतुनाची झाडं. वाटाडे सांगतात ही येशूच्या वेळची. तपासणीत तीन झाडांची खोडं अकराव्या-बाराव्या शतकातली निघाली. खोडं पोकळ, पिळलेली, पालवी मात्र ताजी. गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. आजींच्या पूर्वजांचा होता तोच.

शुक्रवार

क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानकं. नऊ गल्ल्यांत, शेवटची पाच पवित्र कबरेच्या चर्चमध्ये. गर्दी चेंगराचेंगरीची, पोलिसांचे अडथळे, त्यातून वाट काढणारे दुकानदार. भक्तीचा अनुभव येईल म्हणून जाल तर पहिल्या तासात चिडचिडच येईल. आम्हाला आली. नंतर सुचलं की त्या दिवशीही असंच असणार. सणाची गर्दी, सौदे, आणि मधून क्रूस घेऊन माणसं.

पाचव्या स्थानकाशी, जिथे कुरेनेकर शिमोनाच्या खांद्यावर क्रूस दिला, तिथून गल्ली चढणीला लागते. तिथे शनिवारचा तो पोरगा अडकला होता. गाडीवर या वेळी पाण्याच्या बाटल्या. मिरवणूक सरेपर्यंत तो एक पाय टायरवर देऊन उभा, नाहीतर गाडी माणसांवर घरंगळली असती. पंधरावीस मिनिटं असावीत. एका म्हाताऱ्या बाईने जाताना त्याला "यातीक अल-आफिये" म्हटलं. काम करणाऱ्याला असं म्हणायची इथली रीत, देव तुला बळ देवो. त्याने मान हलवली, पाय हलवला नाही.

गुलगुथा, म्हणजे येशूला क्रूसावर दिलं ती टेकडी, चर्चच्या आतच आहे, उजवीकडच्या खड्या, गुळगुळीत पायऱ्यांनी वर. ग्रीकांच्या वेदीखाली चांदीची तबकडी आणि तिला भोक. वेदीखाली रांगत शिरायचं, भोकात हात घालायचा, की खडक लागतो. थंड आणि ओलसर, इतक्या हातांनी ओला झालेला.

याच शहराकडे येताना जब्दीच्या मुलांनी, याकोब आणि योहानाने, मागणं केलं होतं की तुमच्या गौरवात आम्हाला एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसवा. येशूने सांगितलं, काय मागता ते तुम्हाला कळत नाही. मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. मी स्वतः सेवा करून घ्यायला आलो नाही. हे मार्काच्या दहाव्या अध्यायात. पंधराव्यात उजवीकडे आणि डावीकडे कोण होते ते येतं: दोन लुटारू. गौरवाच्या जागा त्या होत्या. उडी मारून मागाव्या अशा नव्हेत.

उपदेशात आम्ही नेहमी म्हणतो, आधी क्रूस मग मुकुट. जणू क्रूस म्हणजे परीक्षा आणि गौरव म्हणजे निकाल. पौलाच्या पत्रांतला तो क्रम खोटा नाही. दासाचं रूप घेतलं, मरण सोसलं, म्हणून देवाने उंच केलं, असं फिलिप्पैकरांस पत्रात आहेच. पण योहान दोन्ही एकाच क्षणात घालतो. त्याच्याकडे "उंच केलं जाणं" म्हणजे खांबावर चढवणंही आणि सिंहासनावर बसवणंही. शब्द एक, घटना एक. क्रूसावर देव मोठेपणा बाजूला ठेवून काही काळ लहान झाला, असं तो सांगत नाही. हाच त्याचा मोठेपणा, दुसरा कुठला शिल्लक नाही, असं सांगतो. वेदीखालून उलट्या रांगत बाहेर येताना माझा पदर कुणाच्या तरी पायाखाली अडकला होता, तेव्हा हे सगळं एवढं नीट सुचलं नाही. रात्री वन्संच्या गुडघ्यांना मलम चोळताना सुचलं.

शनिवार

शब्बाथ आणि पेसाह एकत्र, ट्राम बंद. पवित्र कबरेच्या चर्चच्या छतावर गेलो. तिथे इथिओपियन साधूंच्या मातीने लिंपलेल्या बुटक्या खोल्या आहेत. एक साधू अंगण झाडत होता.

या चर्चमध्ये सहा पंथांचा वाटा आहे आणि कुणाची हद्द कुठवर हे ठरलेलं. दर्शनी खिडकीखाली एक शिडी अठराव्या शतकापासून पडून आहे, कारण ती हलवायला सगळ्यांची संमती हवी. दाराच्या किल्ल्या मुसलमान घराण्यांकडे. आणि याच छतावर 2002 साली एका कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती पंथाच्या, साधूने खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली, त्यावरून मारामारी झाली, 11 जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. मी खो खो हसले. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. "खुर्ची," त्या एवढंच म्हणाल्या.

रविवार

पहाटे पाचला चर्चमध्ये. (तेव्हाच जा, आठनंतर कबरेची रांग पाहूनच परताल. खांदे, गुडघे झाकलेले हवेत.) पुनरुत्थानाचा रविवार, आम्ही नटूनथटून, आणि आत पाहतो तर लोकांच्या हातात झावळ्या! पूर्वेकडच्या मंडळ्यांचं पंचांग वेगळं, त्यांचा झावळ्यांचा रविवार आज. एका बाजूला लॅटिनमध्ये उठला, उठला; दुसऱ्या बाजूला होसान्ना. दोन्ही गाणी घुमटाखाली एकमेकांत मिसळून काहीच कळेना. कबरेच्या कोठडीचं दार इथेही बुटकं. या वेळी वन्सं सराईतपणे आडव्या झाल्या.

संध्याकाळी विमानतळ. सुरक्षेच्या मुलीने विचारायला सुरुवात केली. कुठे राहिलात, कुणाला भेटलात, कुणी काही दिलं का? दिलं, मी म्हटलं. एका आजीने मात्झाचं खोकं. आजी कोण? ट्राममध्ये भेटली. नाव? नाव विचारलंच नव्हतं. मुलीच्या भुवया वर गेल्या. तिने माझी बॅग उघडली. शाल बाहेर काढली, तिच्या जरीच्या काठावर तपकिरी डाग वाळलेला. काय आहे हे? माझी टाच, मी म्हटलं. तिने शाल घडी करून परत ठेवली, बॅग उचलून दुसऱ्या टेबलावर द्यायला गेली आणि भाराने वाकली.

"कावेद," ती शेजारच्या मुलाला म्हणाली.

तेवढं मला समजलं.